कोणता भाग कुठला : यामाहा डीटी-१ च्या जुळणीच्या नोंदी

२ नोव्हेंबर २०२४, पेडणे, गोवा

दिवाळीचे पोहे घरात शिल्लक असतानाच शिवोलीहून एका जुन्या मोटारसायकलचा सांगाडा आणला. टेम्पोवाल्याने तो अंगणात उतरवला तेव्हा आईने तुळशीवृंदावनाकडे बोट दाखवून एवढेच सांगितले की, तुळशीच्या लग्नाआधी हे भंगार इथून हललेले दिसले पाहिजे. भंगार म्हटल्याबद्दल तिला दोष देता येणार नाही. एक फ्रेम, तिला गंजाने जखडलेला स्विंग आर्म (मागचे चाक धरणारा दांडा), रिमविना दोन हब, वाकलेले हँडल, पुढच्या फोर्कच्या खालच्या ॲल्युमिनियमच्या नळ्या आणि तोंडाशी कुंभारमाशीने मातीचे घर बांधलेली पेट्रोलची टाकी, एवढाच ऐवज आहे.

ज्यांच्याकडून हे घेतले त्यांच्या सांगण्यानुसार, १९७४ च्या पावसाळ्यात त्यांच्या वडिलांकडे राहणारा एक परदेशी भाडेकरू थकलेल्या भाड्यापोटी ही गाडी मागे ठेवून गेला. इंजिन पुढे कोणी तरी उतरवून नेले आणि उरलेला सांगाडा गोठ्यामागे माडाच्या चुडतांखाली पन्नास वर्षे पडून राहिला. मी खरेदी केली ती केवळ स्टिअरिंग हेडवरच्या, म्हणजे हँडल ज्या नळीत फिरते तिच्यावरच्या, नंबरामुळे. तिथे खोबरेल तेल लावून पितळी ब्रशने पाऊण तास घासल्यावर गंजाच्या पापुद्र्याखालून आधी ‘डी’, मग ‘टी’, मग ‘१’ असे एकेक अक्षर वर आले. त्यापुढचे आकडे वहीत उतरवून ठेवले आहेत.

यामाहाने डीटी-१ ही गाडी १९६७ च्या टोकियो मोटर शोमध्ये मांडली आणि १९६८ चे मॉडेल म्हणून ती अमेरिकेत गेली. त्याआधी कच्च्या वाटेवर गाडी घालू पाहणाऱ्याला एक तर जड ब्रिटिश फोर-स्ट्रोक सोसावी लागे, नाही तर युरोपातली निव्वळ शर्यतीची टू-स्ट्रोक घ्यावी लागे, जी रस्त्यावरून दुकानापर्यंतही नेता येत नसे. डीटी-१ ने दिवे, आरसा आणि नंबरप्लेटसह रानात जाण्याची सोय केली. ७० मि.मी. बोअर (सिलिंडरचा व्यास), ६४ मि.मी. स्ट्रोक (पिस्टनची धाव), म्हणजे २४६ सीसी, एकच सिलिंडर, पाच गिअर, पुढे १९ इंची आणि मागे १८ इंची चाक. आपल्याकडे यामाहाचे इंजिन घरोघरी माहीत झाले ते १९८३ च्या राजदूत ३५० मुळे आणि १९८५ च्या आरएक्स १०० मुळे. डीटी-१ भारतात कधी विकायला आलीच नाही. त्यामुळे भाग गोळा करूनच ती उभी करावी लागणार आहे.

आजपासून एक नियम पाळायचा ठरवले आहे. प्रत्येक भागाची नोंद वहीत करायची आणि तिच्यापुढे तीनपैकी एक शब्द लिहायचा: ‘मूळ’, ‘बाहेरचा’ किंवा ‘घडवलेला’. ‘मूळ’ म्हणजे शिवोलीहून आलेला, ‘बाहेरचा’ म्हणजे दुसऱ्या गाडीचा किंवा दुकानातून आणलेला, आणि ‘घडवलेला’ म्हणजे इथे लेथवर वा हाताने केलेला.

१७ नोव्हेंबर

तुळशीचे लग्न लागले, सांगाडा त्याआधीच पडवीत हलला होता. फ्रेम सरळ आहे की नाही हे पाहण्यासाठी गवंड्याचा ओळंबा वापरला. स्टिअरिंग हेडमधून एक आणि स्विंग आर्मच्या पिव्हटच्या मध्यावरून दुसरा असे दोन ओळंबे सोडून त्यांच्या मधून रेशमी दोरा ताणला, तेव्हा मागचा भाग डावीकडे सुमारे ४ मि.मी. गेलेला आढळला. एवढा दोष चेन बसवताना त्रास देतो, पण तो गाडी पडल्याने आला असावा, फ्रेम मोडल्याने नव्हे, कारण नळ्यांना कुठेही सुरकुती नाही.

खरी अडचण पिव्हटच्या उजव्या कानाशी आहे. पेट्रोलने धुतल्यावर तिथे केसासारखी रेघ दिसली. पेट्रोल वाळल्यावरही रेघ ओलीच राहिली, म्हणजे तो तडा आहे. खनिजाच्या बार्जींवर आयुष्यभर वेल्डिंग केलेले एक मेस्त आमच्या ओळखीचे आहेत. हात अजून स्थिर, डोळा मात्र एकच चालतो. त्यांना फ्रेम दाखवली, तर त्यांनी वेल्डिंगची तार हातात घेण्याआधी ड्रिल मागितले.

“मास्तर, पोरांना शिकवतां ना तुम्ही? मग सांगा, तडा संपता खंय?”

मी रेघेच्या टोकावर बोट ठेवले. त्यांनी भिंगातून पाहून माझे बोट पाव इंच पुढे सरकवले आणि तिथे ३ मि.मी.चे भोक पाडले. तड्याच्या टोकाशी असे भोक नसेल तर ताण त्या टोकावर साठत राहतो आणि तडा वेल्डिंगच्या पुढे चालत जातो, हे मी आयटीआयच्या वर्गात दरवर्षी फळ्यावर लिहितो. मात्र टोक दिसते त्याच्या पुढे असते, हे मला आज कळले. वहीत लिहिले: फ्रेम, मूळ, उजवा कान, दुरुस्त.

८ डिसेंबर

पुण्याहून इंजिनाचा खालचा भाग आला. पार्सल बसने म्हापशाला, तिथून माझ्या स्कूटरच्या पायरीवर, गोणपाटात गुंडाळून. विकणाऱ्याने फोनवर ‘क्रँक उत्तम, गिअर सगळे शाबूत, नंबर स्वच्छ’ असे सांगितले होते. गिअर खरेच शाबूत आहेत.

नंबर मात्र जास्तच स्वच्छ आहे. क्रँककेसवर नंबर ज्या पट्टीवर असतो तिथे ओतीव ॲल्युमिनियमची खरबरीत कातडी असायला हवी होती. तिथे कानशीचे बारीक आडवे ओरखडे आहेत, आणि त्यांच्यावर आकडे ठोकलेले आहेत. तिरका प्रकाश टाकून पाहिले तर दोन आकडे खोल, एक उथळ, शेवटचा किंचित कललेला. कारखान्यातले ठसे असे एकमेकांशी भांडत नाहीत. कोणी तरी जुना नंबर घासून नवा मारलेला आहे. विकणाऱ्याला फोन केला, त्याने आपल्यालाही गाडी अशीच मिळाली असे म्हटले आणि नंतर फोन उचलणे बंद केले. नंबराचा फोटो आणि ओरखड्यांचे वर्णन मी लेखी स्वरूपात त्याला पाठवून ठेवले आहे. इंजिन चोरीचे निघाल्यास मी ते कोणत्या दिवशी आणि कोणाकडून घेतले याचा पुरावा हाताशी असावा.

संध्याकाळी वर्कशॉपमध्ये बसलेल्या एका मित्राने सहज सुचवले की, पट्टी आधीच घासलेली आहे, तर त्यावर फ्रेमचाच नंबर मारून टाक, जुळत्या नंबरांची डीटी-१ दुप्पट भावाने जाईल. नंबराचे ठसे माझ्या खणात आहेत, हात बसलेला आहे, दहा मिनिटांचे काम. त्याने ते सांगितल्यावर मी नको म्हणालो, पण नको म्हणण्याआधी एकदा पट्टीकडे पाहिले, हेही इथे लिहून ठेवणे भाग आहे. क्रँककेस: बाहेरचा, नंबर संशयास्पद, हात लावलेला नाही.

५ जानेवारी २०२५

क्रँककेस उघडला. डीटी-१ चा क्रँककेस उभा फाकतो, म्हणजे डावी आणि उजवी अशा दोन वाट्या वेगळ्या होतात, आणि त्या पान्ह्याने किंवा पेचकसाने उचकटायच्या नसतात, कारण जोडाच्या पृष्ठभागावर एक ओरखडा पडला तरी तिथून पुढे हवा ओढली जाते. एका जाड पट्टीला तीन भोके पाडून ओढणी तयार केली, वाट्या हीट गनने तापवल्या आणि मधला बोल्ट पाव-पाव फेरा आवळत गेलो. चौथ्या फेऱ्याला ‘टक्’ असा आवाज झाला आणि बेअरिंग सुटली.

‘उत्तम’ क्रँकची (पिस्टनच्या धावेने गोल फिरणाऱ्या दांड्याची) परीक्षा सोपी आहे. कनेक्टिंग रॉडचे वरचे टोक धरून ते आडवे हलवायचे आणि डायल गेजवर किती हलते ते वाचायचे. नव्या क्रँकमध्ये हे टोक साधारण १ मि.मी. हलते आणि २ मि.मी.च्या पुढे गेले की खालची सुई-बेअरिंग संपली असे धरतात. माझ्या गेजने ३.४ मि.मी. दाखवले. दाबून बसवलेली क्रँक म्हणजे दोन चकत्या आणि मध्ये एक पिन. ती मोडून नवी पिन, रॉड आणि बेअरिंग घालता येते, पण पुन्हा दाबताना दोन्ही चकत्या एका रेषेत आणणे हे घरचे काम नाही.

त्यासाठी बेळगावला जावे लागले. साखळीवरून चोर्ला घाट चढून उद्यमबागेत पोहोचायला तीन तास लागले. तिथल्या कारागिराने रॉडचा संच बाहेरून मागवून घ्यायला सांगितले आणि जुनी पिन मोजून हवी ती मापे एका सिगारेटच्या पाकिटावर लिहून दिली. ते पाकीट वहीत चिकटवले आहे.

९ फेब्रुवारी

अमेरिकेहून सिलिंडर, हेड आणि रॉडचा संच आला. सीमाशुल्काच्या कामात साडेतीन आठवडे गेले. पार्सलवर मी विकणाऱ्याला ‘जुने वापरलेले भाग’ एवढेच लिहायला सांगितले होते, तिथेच चूक झाली. प्रत्येक भागाचे नाव, धातू आणि किंमत वेगळी लिहिली असती तर प्रश्न कमी आले असते.

सिलिंडरला आतून लोखंडी स्लीव्ह आणि बाहेरून ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आहेत. बोअर गेजने वर, मध्ये आणि खाली, दोन दिशांनी, अशी सहा मापे घेतली. एक्झॉस्टच्या दाराजवळ घर्षण सर्वाधिक असते, तिथेच झीजही सर्वाधिक दिसली, ०.१८ मि.मी. इतकी. म्हणजे ०.२५ मि.मी.ने मोठा असा पहिला ओव्हरसाइज पिस्टन पुरला असता, पण खालच्या कडेशी एक खोल ओरखडा होता, जो त्यात जात नव्हता. म्हणून ७०.५० मि.मी.चा पिस्टन घेतला. गणित केले तर इंजिन आता साधारण २५० सीसीचे होते, नेमके सांगायचे तर २४९.८, म्हणजे नावाला जागते.

बोअरिंग इथल्याच एका टर्नरने केले. पिस्टन आणि भिंतीत ०.०५ मि.मी. अंतर ठेवायचे ठरले. बोअरिंगनंतर टू-स्ट्रोकमध्ये एक काम सगळे विसरतात. सिलिंडरच्या भिंतीत हवा जाण्या-येण्याची जी दारे असतात, त्यांच्या कडा बोअरिंगनंतर ब्लेडसारख्या धारदार होतात, आणि पिस्टनची रिंग दर फेऱ्याला त्या कडेवरून जाते. कडा मारल्या नाहीत तर रिंग दारात अडकून मोडते आणि सगळा खर्च पाण्यात जातो. टर्नर म्हणाला की तो आरएक्स १०० च्या कडा मारत नाही आणि कोणी तक्रार केलेली नाही. मी त्याच्याशी वाद घातला नाही, सिलिंडर घरी आणला आणि दाताच्या डॉक्टरकडून मागून आणलेल्या बारीक दगडाने दोन रात्री बसून सगळ्या दारांच्या कडा स्वतः गोल केल्या. बोट फिरवले तेव्हा कुठेच अडले नाही तेव्हा थांबलो.

१६ मार्च

शिगम्याचे ढोल गावात घुमत आहेत, त्यामुळे टर्नर, रंगारी आणि मदतनीस कोणीच जागेवर नाही. एकट्याने होणारे काम घेतले: टाकी.

आतला गंज काढायला आम्लाऐवजी वीज वापरली. टाकीत पाणी आणि धुण्याचा सोडा, मध्ये टाकीला न टेकणारी लोखंडी सळई, सळईला बॅटरी चार्जरची धन आणि टाकीला ऋण तार. सळई लोखंडाचीच हवी. स्टेनलेस स्टीलची घेतली तर त्यातल्या क्रोमियमचे विषारी संयुग पाण्यात उतरते. वर जो फेस येतो त्यात हायड्रोजन असतो, म्हणून हे काम उघड्यावर केले आणि जवळ कोणाला विडी ओढू दिली नाही. दोन दिवसांत सळई खरवडल्यासारखी बारीक झाली आणि टाकीतून काळ्या गाळाची अर्धी बादली निघाली.

गंजाने जे बुजवून ठेवले होते तेही त्याबरोबर निघाले. टाकीच्या तळाला सात छिद्रे आहेत. म्हापशाच्या बाजारात भांड्यांना डाग देणारा एक जण अजून बसतो, त्याने टाकी पाण्याने गळ्यापर्यंत भरून, फक्त छिद्रांपुरती जागा वर ठेवून सातही ठिकाणी डाग दिला. पेट्रोलची टाकी कितीही धुतली तरी तिच्यात वाफ राहते, हे त्याला माझ्याआधी ठाऊक होते. टाकी: मूळ, सात डाग.

२० एप्रिल

चाके. बुलेटचे पुढचे टायर ३.२५-१९ असते आणि डीटी-१ चेही तेच, म्हणून बुलेटची रिम चालेल अशा समजुतीत मी दोन महिने होतो. रिम आणून हबशेजारी ठेवली आणि भोके मोजली: रिमला ४०, हबला ३६. आरएक्स १०० ची १८ इंची रिम भोकांनी जुळते, पण मागच्या ४.०० च्या टायरला ती अरुंद पडते, टायर दोन्ही बाजूंनी आत दाबले जाऊन त्याचा माथा गोल होतो आणि मातीत पकड कमी होते. शेवटी दोन्ही रिमा कोल्हापुरातल्या जुन्या सुट्या भागांच्या दुकानातून घेतल्या, स्पोक तिथेच कापून आटे पाडून घेतले.

चाक बांधायला सायकलवाल्याकडे दिले. तो स्पोक पान्ह्याने टिचकी मारून ऐकतो आणि ‘हा खाली आहे’ असे सांगून अर्धा फेरा आवळतो. माझ्या डायल गेजवर शेवटी ०.४ मि.मी. डगमग आली, त्याने गेजकडे पाहिलेही नाही.

२६ मे

पाऊस या वर्षी मे संपायच्या आधीच आला आणि पडवीतले काम बंद पडले. गोव्यात पावसाळ्यात उघडे ठेवलेले घासलेले लोखंड रात्रीत तांबूस होते. बेळगावहून आलेली क्रँक मोठ्या डालड्याच्या डब्यात तेलात बुडवून ठेवली, गिअर ग्रीस लावून वर्तमानपत्रात गुंडाळले, बेअरिंग मूळ खोक्यातून काढलेच नाहीत.

१३ जुलै

वर्कशॉपच्या आतल्या खोलीत इंजिन जुळवून बंद केले. बेअरिंग सी-३ प्रकारच्या घेतल्या, म्हणजे आत थोडी जास्त मोकळीक असलेल्या, कारण तापल्यावर क्रँक फुगते आणि साध्या बेअरिंग अडकतात. बेअरिंग फ्रीजमध्ये आणि क्रँककेस स्टोव्हवर, असे करून त्या हाताने बसल्या. माझ्या पत्नीने फ्रीजमधल्या कोकम सरबताच्या बाटलीशेजारी बेअरिंग पाहून काही म्हटले नाही, पण बाटली दुसऱ्या कप्प्यात ठेवली.

ऑइल पंप बसवला नाही. मूळ गाडीत थ्रॉटलप्रमाणे तेल सोडणारा पंप असतो, पण पुण्याच्या इंजिनातला पंप झिजलेला आहे आणि अर्धवट तेल देणाऱ्या पंपापेक्षा पेट्रोलमध्ये मिसळलेले तेल भरवशाचे. लिटरला ४० मि.ली., म्हणजे पंचवीसास एक. पंपाचे झाकण जागेवर ठेवले आहे आणि वहीत लिहिले आहे: झाकणामागे पंप नाही.

२७ ऑगस्ट

चवथ. गणपतीवर फळापानांची माटोळी बांधली. काम नाही.

२१ सप्टेंबर

फोर्क, हँडल, केबली, सीट, पायऱ्या. यात सांगण्यासारखे थोडे आहे. फोर्कच्या वरच्या नळ्या नव्याने हार्ड क्रोम करून ग्राइंड केल्या. कार्बोरेटर मिकुनीचा २६ मि.मी.चा नवा घेतला, कारण जुन्याच्या शोधात वर्ष गेले असते आणि मिकुनी तो अजून बनवते. आमसुलाच्या पाण्यात पितळी जेट (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे तुकडे) चकचकीत होतात, पण कार्बोरेटरचे शरीर जस्ताच्या मिश्रधातूचे असल्याने ते त्या पाण्यात टाकू नये; टाकल्यास पांढरी पूड येते. हे मी पूर्वी एका स्कूटरवर केलेले आहे.

१९ ऑक्टोबर

नरकासुराची रात्र. गावातली मुले नाक्यावर राक्षसाच्या पुतळ्याला हात बसवत होती, त्यांचे स्पीकर आणि माझी किक एकाच वेळी चालू होती. ठिणगीचे टायमिंग डायल गेजने ३.२ मि.मी.वर लावले होते, म्हणजे पिस्टन वरच्या टोकाला पोहोचायला एवढे अंतर शिल्लक असताना ठिणगी पाडणारे पॉइंट उघडावेत. सहाव्या किकला पाय अर्ध्यावर घसरला आणि इंजिन चालू झाले. एका वर्षाने पहिला आवाज, निळा धूर, सगळे व्यवस्थित. क्लच दाबला, पहिला गिअर टाकला, क्लच सोडला आणि गाडी मागे गेली.

मागे आईचे मडके होते. ते गेले.

टू-स्ट्रोक इंजिनात झडपा नसतात. पिस्टनच दारे उघडतो आणि बंद करतो, त्यामुळे क्रँक कोणत्याही दिशेने फिरली तरी दारांचा क्रम तोच राहतो. ठिणगी गरजेपेक्षा आधी पडली आणि किक अपुरी असली, तर वर येणारा पिस्टन टोकाला पोहोचण्याआधीच मागे ढकलला जातो आणि इंजिन उलटे फिरू लागते. जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरवाल्यांनी हा प्रकार पाहिलेला असतो. गेज पुन्हा लावून पाहिले तेव्हा त्याचा स्क्रू ढिला निघाला, टायमिंग ३.२ नव्हे, ४.६ मि.मी.वर होते. नाक्यावरची दोन मुले मडके फुटल्याचा आवाज ऐकून आली आणि उलट चालणारी गाडी पाहून गेली. मध्यरात्रीपर्यंत सगळ्या वाड्याला कळले होते.

१ नोव्हेंबर

टायमिंग सुधारल्यावर गाडी सरळ चालते, पण थ्रॉटल सोडला तरी इंजिनाचा वेग लगेच उतरत नाही, चार-पाच सेकंद वर लटकून राहतो. इंजिन कुठून तरी आगंतुक हवा ओढत आहे. अशा वेळी जेट बदलत बसणे म्हणजे ताप मोजायचा सोडून पांघरूण बदलणे.

तपासणीसाठी कारागीर वेगळा पंप वापरतात. मी डॉक्टरांकडचे जुने, काटा असलेले रक्तदाबाचे यंत्र मागून आणले. एक्झॉस्टचे दार रबर आणि पट्टीने, कार्बोरेटरची जागा बुचाने बंद केली, पिस्टन खाली आणून प्लगच्या भोकातून फुग्याने हवा भरली. पिस्टन तळाशी असला की सिलिंडर आणि क्रँककेस आतून जोडलेले असतात, त्यामुळे दोन्हींची परीक्षा एकदम होते. काटा ३०० वर नेला, म्हणजे चौरस इंचाला जवळजवळ ६ पौंड. मिनिटाला ५० पर्यंतची घट चालते. माझा काटा मिनिटाच्या आत १८० वर आला.

रिठ्याचा फेस सगळीकडे लावला. सिलिंडरच्या तळाशी काही नाही, कार्बोरेटरच्या बुचाशी काही नाही. मॅग्नेटोचे चाक ओढणीने काढून मागच्या ऑइल सीलवर फेस टाकला तेव्हा क्रँकच्या कडेने एकाच जागी सारखे बुडबुडे येऊ लागले, मोहरीएवढे, एकामागून एक. सील बाहेर काढली. तिच्या ओठावर दोन मि.मी.ची चीर होती. क्रँकच्या त्या टोकाला अर्धगोल चावीसाठी खोबण आहे आणि सील सरकवताना खोबणीच्या धारेवर ओठ कापला जातो, म्हणून आधी शाफ्टवर पातळ प्लास्टिक गुंडाळायचे, ही सूचना माझ्या विद्यार्थ्यांच्या जर्नलमध्ये माझ्याच अक्षरात आहे. १३ जुलैच्या नोंदीत प्लास्टिकचा उल्लेख नाही, कारण मी ते गुंडाळलेच नव्हते. कोणाला तरी दोष द्यायची खूप इच्छा झाली, पण पडवीत दुसरे कोणी नव्हते.

नवी सील, या वेळी दुधाच्या पिशवीच्या प्लास्टिकवरून. काटा ३०० वरून मिनिटात २८५.

१६ नोव्हेंबर

सकाळी गाडी चुलतभावाच्या काजूच्या बागायतीत नेली, टेम्पोतून. रस्त्यावर ती चालवता येणार नाही. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना ‘व्हीए’ मालिकेतला नंबर मिळू शकतो, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे. पण गाडी मूळ स्वरूपात असावी लागते, फ्रेम आणि इंजिन यांत मोठा फेरफार चालत नाही, आणि परदेशातून आलेल्या गाडीसाठी आयातीचा कागद लागतो. माझ्याकडे भाड्यापोटी राहिलेली फ्रेम आहे, पुण्याचे घासलेल्या नंबराचे इंजिन आहे आणि अमेरिकेचा सिलिंडर आहे. एका हितचिंतकाने कागद ‘करून’ घेण्याचा मार्गही सांगितला. वहीतली दीडशे ओळींची यादी आणि तो कागद एकाच कपाटात ठेवता येणार नाहीत, म्हणून मार्ग ऐकून घेतला आणि विषय बदलला.

बागायतीच्या वर सडा आहे, जांभ्या दगडाचा, पावसानंतरचे गवत आता पिवळे पडलेले. पहिल्या चढावर इंजिन मधल्या वेगात अडखळले. पंपावर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन आधीच असल्याने तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागते आणि जुन्या मापाचा जेट कमी पडतो. १५० चा मुख्य जेट काढून १६० चा घातला, तो खिशातच होता. दुसऱ्या खेपेला गाडी चढ न अडखळता चढली, तिसऱ्या गिअरमध्ये, आणि वर पोहोचल्यावर प्लग काढून पाहिला तर त्याचा रंग भाजलेल्या काजूच्या सालीसारखा होता. घरी परतल्यावर कार्बोरेटरची वाटी रिकामी केली, कारण हे पेट्रोल हवेतले पाणी ओढते आणि आठवडाभर साठले तर जेट हिरवे होतात.

चुलतभावाने एक फेरी मारली. उतरल्यावर त्याने विचारले, “दादा, हिचे मूळचे किती राहिले?” मी वही दिली. तो बराच वेळ पाने उलटत होता.

पुढच्या स्प्रॉकेटमागच्या सीलमधून गिअरचे तेल थेंबाथेंबाने येते आहे. सांगाड्याखाली ठेवलेल्या पत्र्यावर रात्रीत रुपयाएवढा डाग पडला. सील दोन मागवायच्या आहेत, एक बसवायला आणि एक, प्लास्टिक गुंडाळायला पुन्हा विसरलो तर.